कच्चे टाके

राखाडी लोकरीचा कोट. कपडे दुरुस्त करण्याच्या दुकानात दोन वर्षं लटकलेला. एक ताडमाड उंच म्हातारा बटण लावायला टाकून गेला, तो गेलाच.

"अहो, हात सरळ ठेवा. बुजगावण्यासारखे डुलताय काय?" कोटाची बाही दुमडत बायको नवऱ्याला म्हणाली.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या नवऱ्याच्या नखांतलं ग्रीस साबणाने निघत नाही. मुलाखतीच्या सकाळी त्याने तीनदा हात धुतले.

पुढे कोर्टातलं त्याचं काम चार मिनिटांत आटोपलं.

"परवान्याचं माझं तर झालंय गं. तुझं अजून व्हायचंय," तो बायकोला म्हणाला होता.

नवऱ्याची मुलाखत होती, या देशात कायम राहायच्या परवान्याची. एकोणीस वर्षांनी बोलावणं आलं आणि अंगावर घालायला धड कोट नाही. दुकानात शिवणकाम करणारी त्याची बायको मालकाला न विचारता तो राखाडी कोट घरी घेऊन आली. बाह्या चार बोटं लांब होत्या, त्या तिने आखूड केल्या. एका दिवसाचा तर प्रश्न.

मुलाखत झाल्यावर तो तिला सांगायला तडक दुकानात आला. चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं. गल्ल्यापाशी तो ताडमाड म्हातारा उभा होता, दोन वर्षांपूर्वीची पावती हातात घेऊन. ती आतल्या खुंट्यांवर नसलेला कोट शोधत होती.

"हा माझा कोट आहे," नवऱ्याच्या अंगाकडे बोट दाखवत म्हातारा म्हणाला.

तिने तोंड उघडलं. त्याआधीच नवरा बोलून गेला.

"मी उचलला. हिला काही माहीत नाही."

मालकाने पोलिसांना फोन केला.

घरी लेकीने कपाळावर हात मारला. "हात दाखवून अवलक्षण! बाबा, खरं सांगा ना."

"खरं सांगितलं तर तुझी आई अडकेल. तिचा अर्ज अजून टेबलावर पडलाय. माझं तर झालंय. साहेब हसून म्हणाले, कागद पोस्टाने येईल."

बायकोने त्याच्या शर्टाचं सुटलेलं बटण चाचपलं आणि सुई शोधायला उठली.

सरकारने दिलेला वकील घाईत होता. "गुन्हा कबूल करा. दंडावर सुटाल, संध्याकाळी घरी जेवाल." नवऱ्याने मागे वळून बाकावर बसलेल्या तिच्याकडे पाहिलं. तिने होकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी तो खरंच घरी जेवला.

"आई, चोराला अजून वाढ," लेक म्हणाली, आणि तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

पोस्टाने कागद आला, पण परवान्याचा नव्हे. चोरी कबूल केलेल्या परदेशी माणसाने तीस दिवसांत देश सोडावा, असं त्यात होतं.

परवान्यांची कामं करणाऱ्या वकीलबाईंनी तो दोनदा वाचला. "कोर्टासाठी हे किरकोळ. परवान्याच्या खात्यासाठी चोरी ती चोरी. कबूल करण्याआधी मला का नाही विचारलंत?"

"विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं," नवरा म्हणाला.

"कोट परत द्यायचा होता, असं दाखवता आलं तर निकाल फिरवायला अर्ज करता येईल. काही आहे तुमच्याकडे?"

"बाई, त्या बाह्या..." बायकोने सुरुवात केली. टेबलाखाली नवऱ्याने तिचा पाय दाबला.

"हिला काही माहीत नाही," तो पुन्हा म्हणाला.

दुकानमालकाने तिला कामावरून काढलं नाही. असा हात त्याला दुसरा कुठे मिळाला असता?

थंडी वाढली तसा तो ताडमाड म्हातारा कोट घेऊन आला. तिच्या नजरेला नजर द्यायचं त्याने टाळलं.

"तुमच्या नवऱ्याने बाह्या आखूड केल्यात. होतील का पुन्हा लांब?"

तिने कोट उलटा केला. बाहीच्या आतला दोऱ्याचा शेवट नखाने उचलून ओढला. कच्चे टाके सरसर सुटत गेले आणि दुमडलेलं कापड चार बोटं मोकळं झालं, सगळंच्या सगळं. कात्रीचा स्पर्शही नव्हता.

म्हातारा बघत राहिला.

"कापलं नव्हतं?"

"नाही."

"का?"

"परत द्यायचा होता ना."

तो स्टुलावर बसला. दुमडीची घडी त्याने अंगठ्याने पुन्हा पुन्हा सारखी केली.

"बाई, मी हे कोर्टाला लिहून देतो. आजच्या आज. काय लिहू सांगा."

मापांच्या वहीतलं कोरं पान तिने फाडलं, पेन्सिलीसकट त्याच्यापुढे सरकवलं आणि इस्त्री तापत ठेवली.

"आधी तुमच्या नवऱ्याचं नाव सांगा."

"माझं लिहा," ती म्हणाली. "कोट मी नेला. बाह्या मी दुमडल्या."

त्याने लिहिलं. अक्षर मोठं होतं, पान भरत आलं. ती दुसऱ्या बाहीचे टाके काढत राहिली, एकही दोरा न तोडता.

नवऱ्याचं विमान अकरा दिवसांपूर्वी गेलं होतं.