माझ्यावर बसवलेले आबा

मी बैठकीची घोंगडी बोलते आहे. ऐकीव आणि अनुभवलेले यांची सरमिसळ होऊ नये, म्हणून आधीच स्पष्ट करते. बैठकीत घडले ते मी स्वतः अनुभवले. ते सारे आधीच ठरले होते, हे मात्र मी आबांची सून साखराबाई हिच्या तोंडून ऐकले. फसली १३५५ मध्ये, म्हणजे निजामाच्या राजवटीतल्या इसवी सन १९४६ साली, मृगाच्या आधी, मला उन्हात झटकता झटकता ती शेजारणीला सांगत होती.

टेंभुर्णीजवळच्या धनगरांच्या एका वस्तीत मी मागावर विणली गेले. काळ्या मेंढ्यांची लोकर आणि चिंचोक्याची खळ, एवढेच माझे भांडवल. वस्तीतल्या सर्वांत वयस्क माणसाने माझ्यावर बसायचे. तो बसलेला असताना ठरले ते त्याच्या संमतीने ठरले, असा रिवाज होता. पुष्कळ वर्षे हा मान इंद्रभान आबांकडे होता. पूर्वी आबा बोलत आणि इतर ऐकत.

त्या वर्षी होळीनंतरच्या बैठकीत प्रश्न होता बायनाबाईचा. ही म्हातारी विधवा. तिच्या थोड्या मेंढ्या वस्तीच्या सामाईक कळपात चरत. त्यांच्या लोकरीवर ती जगे. तरुणांचा पुढारी मच्छिंद्र याला नवा नियम हवा होता : ज्याला कळपामागे चालवत नाही, त्याची मेंढरे कळपात नकोत.

बायनाबाई कडेला उभी होती. ती म्हणाली, "मच्छिंद्रा, तुला पाठुंगळी बांधून ह्याच कळपामागं चालले मी. तवा तू चालत व्हतास का रे?"

लोक हसले. मच्छिंद्रही हसला. "काकूचं वय झालंय. चालू द्या बडबड."

आबांनी तोंड उघडले, तोच मच्छिंद्र त्यांच्या पाया पडला. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा.

"आरं, ऐका तरी! त्या बाईच्या मेंढ्या—"

"आबा, तुमी वडीलधारे. बिलकुल तरास घेऊ नका. आमी बराबर बघून राह्यलो."

"मला बोलायचंय!"

"बोलल्यावर खोकला येतो तुमाला. च्या घ्या, च्या."

तेव्हा आबांना उमगले. ते उठू लागले, कारण ते उठले असते तर ठराव उभाच राहिला नसता. दोघांनी त्यांचे खांदे धरले आणि अत्यंत आदराने त्यांना पुन्हा माझ्यावर दाबून बसवले. त्यांची बोटे माझ्या लोकरीत रुतली. "आबांच्या आशीर्वादानं ठरलं," असे मच्छिंद्राने जाहीर केले. बैठक संपल्यावर तेच हात पुन्हा पाया पडायला वाकले. त्या हातांचा घाम मला लागला. मेंढीच्या लेंडीचा वास मी जन्मापासून जाणते, त्याची मला कधी शिसारी आली नाही. या घामाची आली.

साखराबाई शेजारणीला म्हणाली होती, "मच्छिंद्र आधीच बोलून गेल्ता म्हणं. म्हाताऱ्याला बसवू, पाया पडू, आन् जल्दी उरकू. मामंजी तवापासून घरात कुणाशी बोलत न्हाईत."

बायनाबाईने मेंढ्या टेंभुर्णीच्या बाजारात विकल्या आणि ती बदनापूरकडे लेकीच्या घरी निघून गेली.

पुढच्या वर्षी तरुण पुन्हा आबांना न्यायला आले. आबांनी भिंतीकडे तोंड फिरवले. "मी येत न्हाई. जा."

त्यांनी आग्रह केला नाही. आबांच्या घरातल्या खुंटीवरून मला काढून नेले, बैठकीत अंथरले आणि माझ्या मधोमध झेंडूचा हार ठेवला. मच्छिंद्र म्हणाला, "आबा हितंच हायेत असं समजा." मग सारे रिकाम्या घोंगडीच्या पाया पडले. आबा दोन घरे पलीकडे जिवंत होते, भाकर खात होते.

आता मी त्याच खुंटीवर असते आणि दरवर्षी उतरवली जाते. माझी विनंती एवढीच : ज्याचे ऐकायचे नाही, त्याच्या पाया तरी पडू नका.

हाराच्या त्या पहिल्या बैठकीनंतर संध्याकाळी मला घरी परत आणून टाकले, तेव्हा झेंडूच्या पाकळ्या माझ्यात अडकलेल्या होत्या. साखराबाईने त्या घाईघाईने वेचल्या. आबांनी त्या पाहिल्या होत्या की नाही, याची खात्री मला कधीच करून घेता आली नाही.