गालातला साप

गोदामामागच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. "निघाला! साप निघाला!" असा एकच गलका झाला. मांत्रिक बाबाने पोरीच्या बेंबीवरून तोंड उचललं आणि ताटलीत काहीतरी वळवळणारं थुंकलं. लाळेने बरबटलेला तो प्रकार बघून लोक चक्क हात जोडत होते. शी! किळस म्हणून कुणाला येतच नव्हती.

"करणी आहे बाई, करणी! आत अजून एक पिल्लू आहे," बाबा दाढी पुसत म्हणाला. "डॉक्टरकडे न्याल तर ते डंख मारेल."

पोर चटईवर निपचित पडली होती. पोट टम्म फुगलेलं, उलट्या हिरव्यागार, शौच बंद. आईचा जीव टांगणीला लागला होता. पण ताटलीत डोकावली आणि ती चपापलीच. हा प्राणी तांबूस, वळ्यावळ्यांचा, मातीने माखलेला. काल पोरीच्या उलटीतून पडला तो पांढुरका, गुळगुळीत, वीतभर लांब होता. लोक नावं ठेवतील म्हणून तिने तो गुपचूप मोरीत लोटला होता. नवऱ्यालासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता.

बाबा पुन्हा वाकला.

"थांबा! आधी चूळ भरा," ती म्हणाली.

"चूळ भरली की सिद्धी जाते!"

"बाबांना असं बोलतेस? लाज नाही वाटत?" सासू कडाडली.

"लाज वाटली म्हणूनच कालपासून गप्प होते, सासूबाई! पोरीने काल जंत ओकला. तो असा नव्हता."

तिने तांब्या थेट बाबाच्या तोंडाला लावला. बाबाला जोराचा ठसका लागला आणि गालात दडवलेलं दुसरं पिल्लू टपकन दाढीवर पडलं. कसला साप नि कसलं काय! ओल्या मातीतलं साधं गांडूळ.

"हे घाणेरडं तोंड माझ्या लेकीच्या पोटाला लावलंस, मेल्या!"

गर्दीतून पुढे होऊन नवऱ्याने पोरीला उचललं आणि दोघं दवाखान्याकडे धावत सुटले.

डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून आतड्यात अडकलेला जंतांचा गुंता काढला. "आणखी उशीर झाला असता तर आतडं सडलं असतं," त्या म्हणाल्या. "उघड्यावर शौचाला बसलं की जंतांची अंडी मातीत जातात, आणि न धुतलेल्या हातांनी पोटात. यात करणी कुठली आली?"

पोर घरी आली तशी आई नळावर गेली आणि सगळ्यांसमोर मोठ्याने बोलली, "माझ्या लेकीला जंत झाले होते. तुमच्याही पोरांना असतील. हात धुवा, डॉक्टरांना विचारून गोळी द्या, आणि पोट फुगलं तर लपवत बसू नका, दवाखाना गाठा. किळस करायचीच तर त्या बाबाच्या तोंडाची करा!"