तीन कुलपांची होडी

होडीचं नाव होडीपेक्षा लांब होतं. तीन कंपन्यांनी मिळून दिलेली, तेव्हा तिघींची नावं घालणं आलंच. रंगाऱ्याने मागच्या टोकापासून सुरुवात केली, पुढच्या टोकाला वळसा घातला आणि शेवटच्या कंपनीची दोन अक्षरं पलीकडच्या बाजूला जाऊन पडली. एवढं नाव घेईपर्यंत माणूस बुडेल, असं पेडण्याकडच्या त्या गावातल्या लोकांना वाटलं असावं. त्यांनी आपलं सोयीचं नाव ठेवलं. तीन कुलपांची होडी.

ती गावात आणली गुरुदासने. गुरुदास डिचोलीला एका खाण कंपनीच्या सामाजिक बांधिलकी विभागात होता. विभागात तो एकटाच होता, त्यामुळे विभागात मतभेद नसत. खाण बंद पडली तरी विभाग चालू राहिला. यंत्रं थांबली म्हणून माया थांबता कामा नये, असं साहेबांचं म्हणणं. त्या मायेपोटी गुरुदासने मुळगावात छत्र्या वाटल्या, सर्वणच्या शाळेला घंटा दिली आणि घंटेखाली उभं राहून फोटो काढून घेतले.

होडीचं मात्र तसं नव्हतं. होडी त्याच्या जिवाची होती. आई गेल्यावर देवकीमावशीने त्याला वाढवलं, ते ह्याच गावच्या खालच्या वाड्यावर, नदीला लागून असलेल्या मातीच्या घरात. दर पावसाळ्यात नदी अंगणात येऊन तुळशीला हात लावून जायची. एका वर्षी ती चुलीपर्यंत आली आणि जाताना लाकडं घेऊन गेली. तेव्हा मावशी रात्रभर माळ्यावर बसून होती. डिचोलीला हे कळल्यावर गुरुदासला जेवण गेलं नाही. आपल्या हातात विभाग आहे, आणि मावशी माळ्यावर!

एकट्या खाण कंपनीला होडी परवडली असती, पण खाण बंद असताना होडी घेणं बरं दिसेना. मग औषधं करणारा एक कारखाना आला, समुद्रावरच्या हॉटेलांची एक कंपनी आली, आणि आपत्तीत एकत्र काम करण्यासाठी तिघांचा मंच झाला. मंचाच्या पहिल्या बैठकीत विश्वासावर फार सुंदर भाषणं झाली. दुसऱ्या बैठकीत तीन कुलपं ठरली. होडी साखळीने बांधायची, साखळीला तीन कुलपं लावायची, एकेकीने एकेक चावी ठेवायची. कुणी एकट्याने परस्पर लोक वाचवू नयेत, एवढाच हेतू होता.

होडी दिली ती ऐन एप्रिलात. नदीला तेव्हा गुडघाभर पाणी होतं, म्हणून काठावर सिमेंटचा चौथरा बांधला, लाद्या बसवल्या आणि होडी वर चढवली. शेजारी सगुणची होडी होती. सगुण पूर्वी रेती काढायचा. ते बंद झाल्यावर त्याच काळ्या, ठिगळं मारलेल्या होडीतून तिसऱ्या, खाडीतल्या शिंपल्या, काढायचा.

"ती काळी होडी जरा बाजूला घ्या हो," फोटोवाला ओरडला.

"घेतंय," सगुण म्हणाला. "पण मगे पाण्यात घालूक तुमीच येवा."

सगळे हसले. सगुण हसला नाही. एकट्यानेच होडी ओढत तो काजूच्या झाडांत घेऊन गेला.

मग प्रशिक्षण झालं. पंचायतीच्या भिंतीवर ठळक निळ्या अक्षरांत सूचना रंगवली. ती गुरुदासने स्वतः लिहिली होती आणि साहेबांनी एक काना न बदलता मंजूर केली होती. आयुष्यात पहिल्यांदाच.

घाबरू नका. घरीच थांबा. होडी तुमच्या दारी येईल.

"दारार म्हणजे खंयच्या रे?" देवकीमावशीने भर सभेत विचारलं. "फुडल्या काय मागल्या?"

"फुडल्या, मावशे."

"मगे पायरी सारवून ठेवतंय."

त्या दिवसापासून मावशी रोज सकाळी चौथऱ्यावर चढायची आणि होडीच्या टोकाला दासवणीचं, म्हणजे जास्वंदीचं, फूल ठेवायची. एवढ्या लांब नावात भाच्याचं नाव कुठेच नाही, हे तिला कुणी वाचून दाखवलं नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "आमच्या गुरूची होडी."

श्रावणात घाटावर पाऊस कोसळला आणि त्याच वेळी समुद्राला उधाण आलं. वरचं पाणी खाली येईना, खालचं बाहेर जाईना. मग दोघांनी मिळून खालचा वाडा धरला. मंच असा असतो.

दुपारी गुरुदासला सगुणचा फोन आला. "गुरू, पाणी तुळशीच्या वर इलां. मी होडी घेवन मावशीच्या दारात हंय. ती बसूक तयार नाय."

"कित्याक?"

"म्हणता, गुरून सांगलां, घराकच ऱ्हव. भिंतीरय लिवलां. ट्रंक मांडयेर घेवन बसली हा."

"तिका फोन दी."

फोनमधून पाण्याचा आवाज आला, मग मावशीचा. "गुरू, खंय पावलंस?"

"मावशे, आयक. सगुणाच्या होडीत बस. आत्ताच."

"वेडो काय तू? सगळो वाडो बघता. भाच्यान होडी हाडली आणि मी रेतीच्या होडीत बसू? लोक काय म्हणतले?" मग तिचा आवाज खाली आला. "तू सावकास ये. रस्तो निसरडो हा. आणि रेनकोट घाल."

गुरुदासने टेबलातली चावी घेतली आणि स्कूटर काढली. रेनकोट राहिला.

अस्नोड्याला पोचेपर्यंत मंचाची तातडीची बैठक सुरू झाली होती, फोनवरच. उरलेल्या दोन चाव्या त्या बैठकीतच होत्या, म्हणून तो एका पोदेराच्या दुकानाच्या पत्र्याखाली थांबला. आतून गरम पावांचा वास येत होता. बैठकीची सुरुवात एक मिनिट स्तब्धतेने झाली.

"सर," स्तब्धतेत गुरुदास म्हणाला, "अजून कुणी गेलेलं नाही."

"गुरुदास, प्लीज. विषयपत्रिकेत आहे."

स्तब्धता संपली. कारखान्याच्या विमलाबाई म्हणाल्या की त्यांची चावी सुरक्षा अधिकाऱ्याच्या कपाटात आहे, आणि अधिकारी सुरक्षेवरच्या शिबिराला बेळगावला गेलेत. कपाटाची किल्ली सुरक्षित आहे, त्यांच्याकडेच आहे. हॉटेलवाल्या रामचंद्रबाबांची चावी तर सगळ्यांना माहीत होती. त्यांनी ती मखमलीवर बसवून, काचेच्या चौकटीत घालून मुंबईच्या मुख्य कचेरीत स्वागतकक्षात लावली होती. त्या चौकटीला एक बक्षीसही मिळालं होतं.

"मग कुलपं तोडतो," गुरुदास म्हणाला.

"तोडणं हा शब्द मंचाच्या भावनेला धरून नाही," रामचंद्रबाबा म्हणाले. "ठराव करू या."

ठराव झाला. होडी वापरावी, यावर तिन्ही कंपन्यांचं एकमत झालं. तिन्ही कंपन्यांचं एकमत झाल्याची ही पहिलीच वेळ, असं कुणीतरी म्हणालं आणि टाळ्याही पडल्या. लगेच रामचंद्रबाबांनी चावीचा फोटो पाठवला. फोटो स्पष्ट होता. चावीचे दातेसुद्धा मोजता येत होते.

गुरुदास पोचला तेव्हा नदी चौथऱ्याच्या लाद्या चाटत होती. काठावर वरच्या वाड्यावरचे लोक छत्र्या घेऊन उभे होते. मुळगावच्या त्या छत्र्यांतल्या उरलेल्या त्याने इथेच वाटल्या होत्या. कमरेइतक्या पाण्यात शिरून तो चौथऱ्यावर चढला आणि आपलं कुलूप उघडलं. एका फिरकीत उघडलं. दर महिन्याला तो त्यात तेल घालायचा. एरवी असतं तर त्याने अहवालात लिहिलं असतं, तेहतीस टक्के काम पूर्ण.

शांताराम लोहाराने पहार आणली. दोघांनी साखळीत घालून जीव खाऊन पिळली. पहार वाकली. साखळी बंदरातली होती, मोठी जहाजं बांधायची. दर्जाच्या बाबतीत तडजोड नको म्हणून कारखान्याने मुद्दाम मागवलेली. घाव घालायला शांतारामने घण उचलला, तोवर कुलपं पाण्याखाली गेली होती. पाण्यात घण बसतो, लागत नाही.

पाणी चढलं तशी होडीही उठली. गावाने पहिल्यांदाच तिला तरंगताना पाहिलं. चांगली होडी होती. साखळीची लांबी संपेपर्यंत ती वर आली, मग अडखळली, मागचं टोक खाली ओढलं गेलं, आणि तेवढ्यात आलेल्या लाटेने तिच्यात तोंड घातलं. ती भरत गेली. दासवणीचं फूल सुटून बाजूला तरंगलं. एकेक करत नाव बुडालं, आधी खाणीचं, मग औषधांचं. हॉटेलची दोन अक्षरं थोडा वेळ वर राहिली.

होडी बुडताना माणसाने काय बोलायचं असतं, हे प्रशिक्षणात नव्हतं.

तेवढ्यात सगुण काळ्या होडीतून दोन म्हाताऱ्या, एक बोकड आणि एक मिक्सर घेऊन काठाला लागला.

"मावशी?" गुरुदासने विचारलं.

"मी दुसऱ्यांदा गेलंय," सगुण धापा टाकत म्हणाला. "दार लावन घेतल्यान. आतसून म्हणता, गुरू वाटेर हा."

गुरुदास त्याच्या होडीत चढला. बोकड उतरायला तयार नव्हता. त्याला तसाच ठेवून ते निघाले.

प्रवाह आता नदीचा राहिला नव्हता. कुंपणं, झाडाच्या फांद्या, एक प्लास्टिकची खुर्ची, सगळं समुद्राकडे चाललं होतं. सगुण वल्ह्याने होडी माडांच्या रांगेला धरून नेत होता. घर दिसलं. पाणी खिडकीपर्यंत होतं. गुरुदास उभा राहिला आणि ओरडला, "मावशे! मी इलंय! दार उघड!"

त्याच्या हाकेने घडलं असं नाही. पण हाक आणि ते एकदमच झालं. मागची भिंत आधी बसली, मातीची भिंत बसते तशी, आवाज न करता. मग छप्पर एका बाजूला कललं आणि पुढचं दार आपोआप उघडलं. त्यातून नुसतं पाणी बाहेर आलं.

"मावशे, होडी इली!" गुरुदास ओरडत राहिला. सगुणने त्याच्या कमरेला धरून खाली बसवलं, नाहीतर तोही गेला असता.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर मावशी घराच्या खालच्या अंगाला, नदीच्या डोहात, बांबूंच्या मुळाशी सापडली. ट्रंक शेजारीच होती, उघडी आणि रिकामी. मावशी ठेवणीतलं लुगडं नेसली होती, जांभळं, लग्नाकार्यातलं. होडीत चढताना फोटो काढतील, हे तिला ठाऊक होतं. तिला वर आणलं ते सगुणच्या होडीतून. आता लोकांनी काही म्हणण्याचा प्रश्न नव्हता.

तेराव्यानंतर तिन्ही कंपन्या गावात आल्या. एक मिनिट स्तब्धता पाळली. या वेळी ती विषयाला धरून होती. होडी गाळातून काढली, धुतली, पुन्हा चौथऱ्यावर बसवली. मंचाचं काम पाहून बाटलीबंद पाणी विकणारी चौथी कंपनीही सामील झाली, म्हणून कुलपं चार झाली आणि नावाने होडीला दोन वेढे घातले. विमलाबाईंनी गुरुदासच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, भिंतीवर आता नवीन काय लिहाल? तुमच्या घरचीच घटना आहे, तुम्हालाच सुचेल.

रविवारी गुरुदासने पांढऱ्या रंगाचा डबा आणला आणि पंचायतीची भिंत रंगवायला घेतली. सगुण शिडी धरून उभा राहिला.

पहिल्या हातात 'घाबरू नका' गेलं. दुसऱ्यात 'घरीच थांबा'. शेवटची ओळ तीन हात मारूनही निळसर वर येत राहिली.

"आणखी एक मार," सगुण म्हणाला.

गुरुदासने मारला. दोघं वाळायची वाट बघत पायरीवर बसले. वाळल्यावर अक्षरं पुन्हा वर आली, थोडी फिकट, पण लांबून वाचता येतील अशी.

"कसलो रंग रे हो?" सगुणने विचारलं. "जाता जायना."

"मीच निवडलेलो," गुरुदास म्हणाला. "धा वर्सांची ग्यारंटी हा."

सगुणने मान हलवली आणि शिडी उचलली. गुरुदास तिथेच बसून राहिला. पुन्हा भुरभुर सुरू झाली. तो रेनकोट घालून आला होता.