दाव्यासकट

पिपरटोल्याच्या जनता विद्यालयाचं नाव मोठं आणि जागा गोठ्याची. खरोखरच्या गोठ्याची. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, बुडाली, मालगुजार नागपूरला राहायला गेला आणि त्याच्या बैलांचा लांबलचक गोठा सरकारने या विद्यालयाच्या पदरात टाकला. गुणवंतरावांनी तो दोनदा चुन्याने पांढरा केला, गव्हाणी बुजवून मुलांना बसायला ओटे केले. पण जू-दोर टांगायच्या सागवानी खुंट्या भिंतीत अशा रुतल्या होत्या, की त्या काही निघेनात. शेवटी गुणवंतरावांनी त्यांचा नाद सोडला.

हे गुणवंतराव म्हणजे विद्यालयाचे प्राचार्य, मास्तर, हिशेबनीस आणि वेळ पडली तर झाडूवालेसुद्धा. वरोऱ्याच्या हायस्कुलातली बरी नोकरी सोडून, बायकोला, म्हणजे इंदुताईंना घेऊन ते या झाडीपट्टीत आले होते. कल्पना चांगली होती. धान निघालं, मळणी झाली, की खेड्यातल्या जवान मुलांनी इथे येऊन राहायचं. लिहिणं-वाचणं, बांध-पाट, सुतारकाम, सोसायटी कशी चालवायची हे शिकायचं आणि पावसाळ्याच्या आत घरी जायचं. फी नाही. जेवण-खाण सरकारचं.

पहिल्या वर्षी चौदा मुलं आली, दुसऱ्या वर्षी अकरा. खात्याने कळवलं, की एवढ्या थोड्या पोरांसाठी एवढा खर्च परवडत नाही. माघातल्या पहिल्या सोमवारी चांद्याहून साहेब येतील. त्या दिवशी वीस विद्यार्थी हजर दिसले आणि आधीचे शिकून गेलेले कुठे कुठे लागले हे समजलं, तर विद्यालय चालेल. नाहीतर गोठ्याला कुलूप.

‘लागले’ म्हणजे नोकरीला लागले. गुणवंतरावांचं घोडं अडायचं ते इथे. त्यांच्या पंचवीस मुलांपैकी एकही कुठे लागला नव्हता. ना पोलिसात, ना जंगलखात्यात, ना शाळेत. सगळेच्या सगळे परत जाऊन आपापल्या गावात बसले होते. पालथ्या घड्यावर पाणी, असं त्यांना रात्रंदिवस वाटे, आणि इंदुताईंना ते तसं बोलूनही दाखवत.

"आधी यंदाची मुलं तर येऊ द्या," इंदुताई म्हणायच्या. "आणि मुलींना घेतलंत तर वीस काय, चाळीस होतील."

"ते नियमात बसत नाही बहुतेक," गुणवंतराव म्हणत. नियम त्यांनी नीट वाचला नव्हता, हे इंदुताईंना ठाऊक होतं.

मुलं यावीत म्हणून त्यांनी यंदा स्वतः बसून जाहिराती लिहिल्या होत्या. अक्षर त्यांचं मोत्यासारखं, आणि त्याचा त्यांना गर्वही होता. वर तांबड्या शाईत, तळहाताएवढ्या अक्षरांत, ‘भरती सुरू आहे’. खाली काळ्या शाईत, ‘गावोगावच्या धडधाकट जवानांनी ताबडतोब हजर व्हावे. राहणे, खाणे, कपडा सरकारकडून.’ इस्तारीने बैलबंडी घेऊन गावोगावच्या चावड्यांवर त्या चिकटवल्या. हा इस्तारी विद्यालयाचा स्वैपाकीही होता आणि गाडीवानही. पौष संपत आला, तरी दारात कुत्रंसुद्धा फिरकलं नाही.

मग गुणवंतराव स्वतःच बंडीत बसून निघाले. पहिल्या गावात शिरले तर गल्लीत म्हातारे, बायका आणि कोंबड्या. जवान म्हणून एक दिसेना.

"पोट्टे लाकडाले गेले जी," एका म्हाताऱ्याने सांगितलं.

"सगळेच?"

"सगळेच. लाकडं लई लागतात ना."

दुसऱ्या गावात सगळे जवान पाहुणे गेले होते. एकाच दिवशी, एकजात. गावाबाहेर पडताना गुणवंतरावांनी मागे पाहिलं, तर धानाच्या तणसाच्या ढिगामागून चार डोकी वर आली आणि बंडी थांबलेली पाहून पुन्हा खाली गेली. गुणवंतरावांना वाईट वाटलं. त्यांनी आयुष्यात कुणावर छडीसुद्धा उगारली नव्हती, आणि इथे लोक त्यांना वाघासारखे भीत होते.

"इस्तारी, माझं काही चुकलं का रे?"

"मले काय समजते गुरुजी," इस्तारी म्हणाला. "मी त फक्त चिकटवलं."

तिसरं गाव भेजटोला. मोठ्या तळ्याकाठचं, ढिवरांचं. मासे धरावेत, जमेल तेवढं धान लावावं, उरलेले दिवस मजुरी करावी अशी वस्ती. इथला मनसाराम पहिल्या वर्षी शिकून गेलेला. तो तळ्यावर होता. अंगणात त्याची आई रुखमाबाई जाळं सांधत बसली होती, आणि धाकटी बहीण चंदा तिला सूत भरून देत होती. रुखमाबाईने गुणवंतरावांना खाट टाकून दिली, पाणी दिलं, आणि पुन्हा जाळं हातात घेतलं.

"बाई, तुमच्या गावातली पोरंही लाकडाला गेली का?"

"नाई," रुखमाबाई म्हणाली. "माह्या पोराशिवाय सारे पळाले. बंडी दिसली नि पळाले."

"का पण?"

"तुमीच त फर्मान लावलं ना, भरतीचं. धडधाकट पोट्टे पायजे, खाणं-कपडा सरकारचा." तिने सूत दाताने तोडलं. "लढाईच्या वक्ताले असंच लावलं होतं. अस्सेच तांबडे अक्षर. माहा दीर गेला. त्याच्या आंगी सरकारी कपडा पाहून आमी हासलो होतो. तो आलाच नाई. त्याच्या बादचे चार पोट्टे चहाच्या मळ्यात भरती झाले. तेही नाई आले. आता पुन्हा भरती म्हटल्यावर कोण घरी राहीन?"

गुणवंतराव खाटेवर बसल्या बसल्या लहान झाले. दुधाने तोंड पोळलेल्या माणसासमोर त्यांनी ताकाचा नव्हे, उकळत्या दुधाचाच पेला धरला होता, तोही मोत्यासारख्या अक्षरात. वरोऱ्याच्या हायस्कुलात ‘भरती’ म्हणजे नाव घालणं. इथे ‘भरती’ म्हणजे माणूस जाणं. त्यांना स्वतःच्या शहाणपणाची लाज वाटली.

"बाई, मी त्यांना परत पाठवणारच आहे हो. मनसाराम आला ना परत?"

"आला. म्हणून त तो पळाला नाई." रुखमाबाईने आता त्यांच्याकडे नीट पाहिलं. "गुरुजी, एक इचारू? तुमी पोट्टे नेता ते दाव्यासकट नेता, का बिनदाव्याचे?"

"म्हणजे?"

"बैल इकला त आमी दावं देत नाई. दावं घरीच ठेवतो. गोठ्याचं भाग्य बैलासंगं जाऊ नोये म्हणून. पण कोणी नांगराले मांगून नेला, त तो दाव्यासकट जाते नि दाव्यासकट वापस येते. इकलेला बैल कोणता नि मांगून नेलेला कोणता, हे दाव्यावरून समजते."

"अहो, विद्यालय म्हणजे काय बैलबाजार आहे?" गुणवंतराव जरा चिडलेच.

"नाई ना. म्हणून त इचारून राह्यली."

एवढ्यात मनसाराम ओल्या धोतराने तळ्यावरून आला. गुरुजींना पाहून पाया पडला. तो सांगू लागला, की यंदा तळं ठेकेदाराकडे गेलंच नाही. ढिवरांच्या सगळ्या घरांनी मिळून सोसायटी केली आणि तळं सोसायटीने घेतलं. सोसायटीचे कागद कसे करायचे ते त्याला विद्यालयात शिकवलं होतं, म्हणून मूल गावच्या कचेरीत तो कुणाला घाबरला नाही. ठेकेदाराने गावात येऊन आरडाओरडा केला, पण तळं गावाचंच राहिलं.

"हे तू मला कळवलं का नाहीस?"

"तुमी नोकरीचं इचारलं होतं गुरुजी," मनसाराम खाली पाहत म्हणाला. "नोकरी त लागली नाई. मले शरम वाटली."

दोन वर्षं हा मुलगा आणि ते स्वतः एकाच गोष्टीची लाज बाळगून बसले होते, आणि ती गोष्ट लाजेची नव्हतीच.

चंदाने सूत बाजूला ठेवलं. तिने हळूच विचारलं, "गुरुजी, पोरींले घेता का?"

"चूप बस," आई म्हणाली.

गुणवंतरावांच्या तोंडावर ‘नियमात बसत नाही’ आलं होतं. पण त्या दिवशी त्यांना आपल्या तोंडातल्या शब्दांचा भरवसा वाटेना, म्हणून ते खाटेवरून उठले.

परतताना त्यांनी चावडीवरची जाहिरात स्वतःच्या नखांनी खरवडून काढली, मागच्या दोन गावांतल्याही काढल्या. मनसाराम त्यांच्याबरोबर बंडीत बसला. आता कागद नाही, दवंडी. गावचा कोतवाल डफडं वाजवायचा आणि मनसाराम ओरडून सांगायचा, "गुरुजी पोट्टे मांगून नेऊन राह्यले हो! इकत नाई घेऊन राह्यले! आपापलं दावं संगं द्या! पोट्टा दाव्यासकट जाईन, दाव्यासकट वापस येईन! मी गेलो नि आलो, मले पाहून घ्या!"

लोकांनी त्याला खरंच पाहून घेतलं. एका म्हातारीने तर त्याचा दंड चाचपला.

माघ लागला आणि पोरं येऊ लागली. एकेक, दोघं-दोघं, खांद्यावर दाव्याची गुंडाळी. कुणाचं अंबाडीचं, कुणाचं नुसत्या सालीचं वळलेलं. काहींच्या घरी बैलच नव्हता, त्यांच्या बापांनी या कामासाठी मुद्दाम दावं वळून दिलं होतं. आता ही दावी ठेवायची कुठे? इस्तारीने भिंतीकडे बोट दाखवलं. ज्या खुंट्यांच्या नावाने गुणवंतरावांनी दोन वर्षं बोटं मोडली होती, त्यांच्यावर एकेक दावं लटकू लागलं. त्यांना त्या खुंट्या एकदम आवडू लागल्या.

पण सोमवार उजाडला तेव्हा दावी एकोणीस होती.

साहेब जीपमधून उतरले. माणूस तरुण, थकलेला, चष्म्यावर वाटेची धूळ. त्यांनी गोठा पाहिला, ओटे पाहिले, मुलं मोजली, पुन्हा मोजली.

"एक कमी आहे."

"हो."

"आणि आधीचे पंचवीस? कुठे लागले?"

महिनाभरापूर्वी गुणवंतरावांनी मान खाली घातली असती. आता ते म्हणाले, "घरी."

"सगळे?"

"सगळे. एकही गाव सोडून गेला नाही, दवंडी देत फिरताना मी स्वतः पाहिलं. एकाने तळं गावाच्या हाती आणून दिलं. मुखरू म्हणून एक आहे, त्याने फुटका बांध बांधून काढला, आता खालच्या शेतांना पाणी जातं. कोलू आपल्या टोल्याच्या वस्तीत मोठ्या माणसांना अक्षरं शिकवतो. पगार कुणालाच नाही साहेब. नोकरीच मोजायची असेल, तर तुम्ही शून्य लिहा. मला वाईट वाटणार नाही."

वाईट वाटणार होतं, पण ते बोलून गेले होते.

साहेबांनी लिहिलं नाही. ते भिंतीकडे पाहत होते. "ही दोरखंडं कसली?"

गुणवंतरावांनी सांगितलं. विकलेल्या बैलाचं दावं घरी राहतं, मागून नेलेल्याचं बरोबर जातं. साहेबांनी एक दावं हातात घेतलं, त्याची गाठ अंगठ्याने चाचपली.

"आमच्याकडेही असंच आहे," ते म्हणाले. "मी शिकलो, नागपूरला गेलो, मग इकडे. आई गावी एकटीच असते. मला बोलावते, पण मला कुठे जमतं?" थोडं थांबून म्हणाले, "माझं दावं घरीच राहिलं म्हणायचं."

मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा साहेब झाले. "पण नियम वीसचा आहे, गुणवंतराव. एकोणिसावर माझी सही चालणार नाही."

तेव्हा दारात रुखमाबाई उभी होती. भेजटोल्याहून पायी आलेली. तिच्यामागे चंदा, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं.

"मुलगी?" साहेब म्हणाले.

इंदुताई ज्या वाक्याची दोन वर्षं वाट पाहत होत्या, ते आता त्यांनीच बोलून टाकलं. "नियमात ‘विद्यार्थी’ म्हटलंय साहेब, ‘मुलगा’ म्हटलेलं नाही. मी वाचलाय. ही माझ्या घरात राहील, आणि तिची सगळी जबाबदारी माझी."

साहेबांनी गुणवंतरावांकडे पाहिलं. गुणवंतरावांनी बायकोकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच मान्य केलं, की नियम तिलाच जास्त कळतो.

"बाई," साहेबांनी रुखमाबाईला विचारलं, "मुलीला शिकवून काय करणार? उद्या लग्न होईल, ती जाईल."

"जाईन ना," रुखमाबाई म्हणाली. "पोरीचं दावं कोणी संगं देतच नाई साहेब. लगन केलं का घरीच राह्यते ते. माह्या मायनं माहं ठेवलं, तिच्या मायनं तिचं." तिने पदराखालून एक नवं दावं काढलं. जाळ्याच्याच सुताचं, चारपदरी वळलेलं. "त्या दिवशी म्या इले चूप केलं, पण आज इचं दावं वळून आणलं. पोरगी अगोदर शिकून घरी येईन. मंग ज्याले न्यायची त्यानं इच्या मर्जीनं न्यावी."

साहेबांनी खाली बसून वीस लिहिले आणि सही केली. पुढच्या रकान्यात, ‘कोठे लागले’च्या खाली, त्यांनी ‘घरी’ असं लिहिलं आणि त्याच्याखाली एक रेघ ओढली.

रुखमाबाईने दावं चंदाच्या हातात दिलं. इस्तारी ते घ्यायला पुढे झाला. रिकामी राहिलेली खुंटी जरा उंच होती. "राहू द्या भाऊ," चंदा म्हणाली, आणि टाचा उचलून तिने आपलं दावं स्वतःच अडकवलं.