सदतिसावं खातं

या, जरा पुढे सरका. कीर्तनकार बुवांचा चहा होईपर्यंत झांजा मांडीवर असू द्या. एक गोष्ट सांगतो. आपल्याच पारनेर तालुक्यातली, चारशे अठरा खात्यांची.

नव्याने हिशेब पाहू लागलेली हन्ना चर्चच्या मंडळीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर खात्यांची यादी खाली सरकवत होती आणि यादी काही संपत नव्हती. एवढ्याशा चर्चला चारशे अठरा खाती! वीजबिल, रंगकाम ठीक. पण ‘छबूबाई, अंडं’? ‘अंगद, भोपळा’? ऑडिटर बजावून गेले होते, “साठच्या आत आणा, मॅडम. अहवाल वाचून माझ्या चष्म्याचा नंबर वाढला!”

तिने सोप्या बाजूने सुरुवात केली. ज्या खात्यात नोंद आहे ते पुसता येत नाही. ज्यात कधी रुपयाही पडला नाही ते चटकन जातं. अशी सदतीस निघाली. नावंही न वाचता तिने ती पुसली. मग मात्र तिला राहवेना. रिकामं खातं कुणी उघडेल कशाला? तेही सदतीस वेळा?

शनिवारी दुपारी उरलेली यादी छापून ती कृपादानकाकांकडे गेली. बावीस वर्षं हिशेब त्यांनीच ठेवलेला. नजर गेली म्हणून खुर्ची सोडली. काका ओट्यावर शेंगा फोडत होते.

“सलाम, काका. ही छबूबाई कोण हो?”

“वरल्या आळीची. आपल्या मंडळीतली न्हाई, पन कीर्तनाला पयल्या रांगंत! सुगीच्या सनाला येक अंडं आनायची. देवाला आनलेल्या जिनसांचा चर्चसाठी लिलाव हुतो, त्यात मंडळीतल्या स्टीफननं दोनशेला घेतलं अन् परत टेबलावर ठिवलं. मंग दुसऱ्यानं तीनशेला. पावती घेनाऱ्याची फाटती. देनारीचं नाव कुटं ऱ्हातं? म्हनून तिचं खातं.”

“आणि भोपळा?”

“लई मोठा! पाळकसाहेब त्याच्यामागं दिसंनात.”

हन्ना खळखळून हसली. “आणि ती रिकामी खाती?”

“ज्यांच्याकडं द्यायला काय नव्हतं त्यांची. मोकळ्या हातानं का हुईना, आली तर हुती. दर शनवारी यादी उघडून मी येकेक नाव घेऊन प्रार्थना करायचो. आता दिसत न्हाई. तुलाच म्हननार हुतो पोरी, वाचून दावत जा.”

हन्नाने हातातली यादी मिटली. “काका, ती मी पुसली. जुनी प्रतही नाही ठेवली.”

काकांनी फोडलेले दाणे पुढे ओढले. म्हणाले, “वही हाय का?”

त्यांनी डोळे मिटले. एक नाव, की एक शेंगदाणा ओट्यावर. रेश्मा. भिमाजी. एस्तेर आन् तिची आंधळी सासू. हन्ना लिहीत गेली. ऊन पायरीवरून उतरलं तेव्हा छत्तीस दाणे मांडून झाले होते. सदतिसावा काकांच्या मुठीत राहिला.

“बाई हुती. हिरवं लुगडं, कडंवर लेकरू. दारातच उभी ऱ्हायली... नाव न्हाई येत गं.”

हन्नाने सदतीस आकडा घातला आणि पुढची ओळ मोकळी सोडली.

पुढे नोंदी एकत्र करून तिने खाती अठ्ठावन्नावर आणली. ऑडिटर खूश झाले. नावं सगळी वहीत गेली. दर शनिवारी ती काकांना वाचून दाखवते. सदतिसाव्या ओळीवर थांबते, आणि काका हळूच ‘आमेन’ म्हणतात.

बुवा उठले, घ्या झांजा. पण आज डोळे मिटाल तेव्हा हिरव्या लुगड्याच्या त्या बाईची तेवढी आठवण करा.