हिरवा रकाना

रुग्णालयांच्या औषधयादीचं सॉफ्टवेअर तपासणारी ताई ऑफिसात सगळ्यांचीच ताई होती. साहेबांचीसुद्धा, फक्त काम उरकून घ्यायचं असलं की ते तिला जरा लांबवून 'ताऽई' म्हणत.

रुग्णालयांत संगणक दोन प्रणालींचे, विंडोज आणि लिनक्स, म्हणून पूर्वी ती दोन्हींच्या खऱ्याखुऱ्या यंत्रांवर तपासायची. एका फेरीला दोन दिवस जात. मग साहेबांनी आधुनिकीकरण केलं. आता प्रत्येक चाचणी कंटेनरमध्ये, म्हणजे आपलं सगळं सामान घेऊन बंद डब्यात चालायची. चाळीस मिनिटांत अहवालातले दोन्ही रकाने हिरवे, म्हणजे पास. साहेबांनी त्याचा फोटोही वर पाठवला.

आज ताईनं विंडोजचा डबा उघडून पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं. आत लिनक्सच होतं, वर विंडोजची नक्कल चढवलेली. भंगारात निघालेलं विंडोजचं यंत्र तिनं दारातून परत आणलं, तीच चाचणी लावली. चाचणी अशी: परिचारिकेनं यादी उघडी ठेवलीय, तेवढ्यात डॉक्टर डोस बदलतात. लिनक्सवर नवी यादी नीट बसत होती. विंडोज मात्र उघडी फाइल बदलू देईना. जुनाच डोस राहिला, आणि पडद्यावर खुशाल 'जतन झालं'.

"ताऽई, सही राहिलीय. उद्या सॉफ्टवेअर अकरा रुग्णालयांत जायचंय."

"विंडोजवर तपासलेलंच नाही."

"हिरवं दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय की. लिनक्सला विंडोजचा सदरा घालून तुम्ही दोनदा हजेरी लावलीत. खऱ्या विंडोजच्या डब्याला विंडोजचंच यंत्र लागतं. मी तीनदा मागितलं होतं."

"एका चाचणीसाठी एवढं? परिचारिकेनं आधी यादी बंद करावी ना."

"माझी वहिनी त्या अकरांपैकी एकात परिचारिका आहे. एका पाळीत चौदा रुग्ण आणि दोन हात. तिला सांगा, यादी बंद करत बस म्हणून."

"सही करा, पुढच्या महिन्यात बघू."

ताईनं अहवाल ओढला. विंडोजच्या रकान्यावर काट मारून लिहिलं, 'नापास, जुना डोस राहतो'. खाली सही ठोकली आणि अहवाल साहेबांना आणि अकराही रुग्णालयांना पाठवून दिला.

"परस्पर पाठवायचा अधिकार कुणी दिला?"

"सही माझीच हवी होती ना?"

दुपारपर्यंत नऊ रुग्णालयांनी सॉफ्टवेअर बसवायचं काम थांबवलं. चार वाजता ताईचा पासवर्ड बंद झाला. तिनं पर्स उचलली आणि उरलेल्या दोन रुग्णालयांना जिन्यातूनच फोन लावायला घेतला.