टार्निटच्या ड्रॉवरमधली लग्नाची टोपी

मी एक जुनी टोपी आहे. मित्रांनो, नाके मुरडू नका. नाक मुरडण्याचा मान इथे फक्त माझा आहे.

नायजेरियातल्या एका विणकराने हातमागावर चार बोटे रुंद लाल पट्ट्या विणल्या आणि त्या जोडून मला शिवले. इबादान शहरातल्या एका मास्तरांनी स्वतःच्या लग्नात मला घातले. आमच्या योरुबा लोकांत वर आधी वधूच्या वडिलांपुढे जमिनीवर लोटांगण घालतो आणि ते 'ऊठ' म्हणेपर्यंत उठत नाही. मग वधू त्याच्या डोक्यावर टोपी ठेवते, तेव्हा कुठे लग्न पक्के होते. पुढे तीस वर्षे मी मास्तरांच्या डोक्यावर मिरवले. लोक आधी माझ्याकडे पाहत, मग मास्तरांकडे. मला त्याचा फार ताठा होता, खोटे कशाला सांगू?

मास्तरांची मुलगी बुकोला नर्स होऊन मेलबर्नला निघाली, तेव्हा त्यांनी मला तिच्या बॅगेत ठेवले. "जो माझ्यापुढे पालथा पडून तुला मागेल, त्याच्याच डोक्यावर ही ठेव," असे ते म्हणाले. बुकोलाने मला मेलबर्नच्या टार्निट उपनगरातल्या घरात, जिमला जाताना घालायच्या मोज्यांच्या ड्रॉवरमध्ये कोंबले. सहा वर्षे मी तो वास सोसला.

दोन हजार वीस साली बुकोलाने यतिनशी लग्न ठरवले. यतिन पुण्याहून आलेला इंजिनिअर. दोनशे पाहुण्यांचे आमचे पारंपरिक लग्न या शहाण्याने एक्सेलमध्ये मांडले होते. लॉकडाऊन लागला, पाहुणे पाचावर आले, मास्तर इबादानहून फोनवरच दिसणार होते, तरी त्याचे रंगीत रकाने भरणे चालूच. 'ढोलवाले' या शब्दापुढे त्याने 'यूट्यूब' असे लिहिले. मला शिसारी आली.

त्याची आई शोभाताई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि विमाने बंद झाल्यामुळे अडकल्या होत्या. या बाईंना ऊठसूट मानपान हवा, आणि तो द्यायला घरात माणूस नाही.

"आपल्याकडे मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो," त्या कडाडल्या. "आणि तू त्यांच्यापुढे लोटांगण घालणार? तेही फोनपुढे?"

"नो वरीज, आई. पाच मिनिटांचं तर काम आहे."

पाच मिनिटांचे! माझ्या मास्तरांनी सासऱ्यापुढे अर्धा तास धूळ चाखली होती.

लग्नाच्या दिवशी शोभाताईंनी मुलाला घट्ट फेटा बांधला. डाव सरळ होता. फेटेवाल्या नवऱ्याला कोण आडवा पाडणार, आणि फेट्यावर टोपी बसणार कुठे? कापडाचे ते सोनेरी गाठोडे माझ्याकडे बघून फुगले होते. मी ताटात पेढ्यांच्या शेजारी पडले होते.

बुकोलाने फोन कुकरला टेकवून उभा केला. मास्तर दिसले आणि माझा जीव गलबलला. करोनातून उठून ते दोनच आठवड्यांपूर्वी घरी आले होते. अंगाने निम्मे राहिले होते. मुलीला आपल्या हयातीत, आपल्या तोंडाने निरोप द्यायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

यतिन पालथा पडला. फेटा त्याच्या डोळ्यांवर आला. तेवढ्यात फोनवरचे चित्र गोठले.

"ऊठ रे," शोभाताई म्हणाल्या. "त्यांना दिसत पण नाहीये."

"ते 'ऊठ' म्हणतील, मग उठेन."

दहा मिनिटे झाली. बुकोला पुन्हा पुन्हा फोन लावत होती. "डॅडी बरे असतील ना?" तिने इंग्रजीत विचारले. हा एक्सेलवाला आता उठेल, मग उठेल, म्हणून मी टपून बसले होते. तो उठला नाही.

ओठ घट्ट मिटून उभ्या असलेल्या शोभाताई अखेर हळूच जमिनीवर बसल्या. फेट्याच्या पिना त्यांनी एकेक करून काढल्या आणि फेटा उतरवून मांडीवर घेतला.

"कपाळ नीट टेक," त्या म्हणाल्या. "करायचं तर अर्धवट करू नकोस."

बऱ्याच वेळाने चित्र आले. मास्तरांनी जमिनीवरचा मुलगा पाहिला, मग जमिनीवर बसलेली आई पाहिली.

"ऊठ, माझ्या मुला," ते इंग्रजीत म्हणाले. "आणि आधी आईंना हात दे."

बुकोलाने मला त्याच्या डोक्यावर ठेवले. मी त्याच्या कानांपर्यंत घसरले. ध्यान दिसत होता अगदी! मास्तर हसले, खोकले आणि पुन्हा हसले.

मित्रांनो, मला पुन्हा मोज्यांत टाकू नका, एवढीच विनंती. ड्रॉवरमध्ये ठेवायचेच असेल, तर त्या फेट्याशेजारी ठेवा. गाठोडेच आहे ते मेले, पण त्याने मला वेळेवर जागा दिली.